लेबल झाका, मग बोला

मित्रांनो, धंद्यात आपण मालापेक्षा नावाला जास्त पैसे मोजतो, हे माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर वाईन चाखणाऱ्यांची 'ब्लाइंड टेस्टिंग' बघा. प्या म्हणत नाही, पद्धत शिका म्हणतोय.

बाटलीवर कापड, समोर फक्त ग्लास. समजा, तीन पांढऱ्या वाईन आहेत. नाशिकच्या सुलाने 2000 साली बाजारात पाऊल टाकलं ते सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या द्राक्षांच्या वाईन घेऊन, त्यामुळे ही दोन नावं थोडी कानावर आहेत. तिसरा ग्लास व्हिओनियेचा, हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. नवखा माणूस काय करतो? ओळखीचं एक नाव ठोकून देतो. जाणकार आधी पुरावा लिहितो:

1. वास: ढोबळी मिरची, कापलेलं गवत आठवलं तर सोव्हिन्याँ. ढोबळी मिरचीला वास देणारा घटक त्या द्राक्षातही असतो. इथे मात्र पिकलेलं जर्दाळू आणि फुलं.
2. आंबटपणा: घोट गिळल्यावर तोंडाला पाणी किती सुटतं? शेनिनला भरपूर. इथे कमी.
3. जडपणा: जिभेवर पाण्यासारखी पातळ की दुधासारखी भरलेली? इथे भरलेली.

तिन्ही पुरावे जुळले की मगच नाव: व्हिओनिये. एकट्या वासावर जाऊ नका, शेनिनलाही फळांचा वास येतोच.

शिकलेले लोकही फसतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सच्या बोर्डोमधल्या अभ्यासात 54 जणांना पांढऱ्या वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला. त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. निकाल नाकाने नाही, डोळ्यांनी दिला!

आता आपल्या केंदूर-पाबळच्या दुकानाकडे या. पोत्यावर 'इंद्रायणी' छापलंय म्हणून तुम्ही किलोमागे जास्त देता. पण गिऱ्हाईक परत येतं ते भातामुळे, छपाईमुळे नाही. "गिऱ्हाईक नावच मागतं हो सर!" बरोबर, पहिल्यांदा मागतं. दुसऱ्यांदा चव मागतं.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. तीन व्यापाऱ्यांकडून पाव-पाव किलो तांदूळ आणा, सारखाच शिजवा, वाट्यांखाली चिठ्ठ्या ठेवा. घरच्यांना वास, चिकटपणा, गार झाल्यावरचा मऊपणा यांना गुण द्यायला सांगा. चिठ्ठ्या शेवटी उघडा. भाव त्यानंतर विचारा. बिननावाचा माल जिंकला, तर तुमची कमाई तिथेच आहे.