फिरते चाक थांबलेले दिसते तेव्हा

यंत्रमागावर हाताला इजा झाली, की पहिला प्रश्न ठरलेला: "डोळे कुठे होते?"

डोळे उघडेच असतात हो! जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. काही स्वस्त एलईडींचेही तेच. सेकंदाला २५ फेरे घेणारे चार आऱ्यांचे चाक या उजेडात पाहा. प्रत्येक उजळण्याला एका आऱ्याच्या जागी दुसरा आलेला असतो. मेंदू म्हणतो, चाक थांबले!

अशा वेळी कामगाराला तंबी देऊन काय उपयोग? शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडाव्यात किंवा मोटरजवळ साधा फिलामेंटचा बल्ब लावावा. खर्च किरकोळ आहे आणि तो भिवंडीच्या कारखानदारांनीच करायचा आहे. तोवर पट्ट्याला हात लावण्यापूर्वी चाकाकडे नव्हे, स्विचकडे पाहावे.