कोडिंग शिकवा, पण आधी चुकू द्या!

सुट्टीत गावी गेलात की गल्लीतले पोट्टे तुम्हाला पहिला प्रश्न काय विचारतात? 'दादा, मोबाइलमध्ये नवा गेम कोणता टाकला?' यंदा त्यांना गेम देऊ नका. गेम बनवायची पहिली पायरी शिकवा.

'पण आपल्याला कुठं कोडिंग येतं? आपण बीएवाले!' असं म्हणून सटकू नका. मीही मास कम्युनिकेशनचीच आहे. आणि या पहिल्या पायरीला कॉम्प्युटर लागतच नाही. आमच्या जानेफळसारख्या गावात लाइट गेली तरी चालेल. खडू, पुठ्ठा आणि अंगण एवढं बास!

खडूनं जमिनीवर चौकटी आखा. एका पोराला रोबो करा. बाकीच्यांनी त्याला आधी कागदावर लिहून सूचना द्यायच्या : दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, एक घर पुढे. रोबोनं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. एखादं वळण चुकलं की तो थेट भिंतीपाशी जातो आणि सगळे खो-खो हसतात. मग कुठली ओळ चुकली ते शोधायचं. झालं की कोडिंग सुरू!

दुसरा खेळ पाच पुठ्ठ्यांचा. त्यांच्यावर 16, 8, 4, 2 आणि 1 असे ठिपके काढा. पाच मुलांना एकेक पुठ्ठा घेऊन रांगेत उभं करा. प्रत्येकानं आपली जन्मतारीख ठिपक्यांच्या बेरजेतून दाखवायची. तारीख 19 असेल तर 16, 2 आणि 1 सरळ, बाकीचे दोन उलटे. 1 पासून 31 पर्यंतची एकही तारीख अडत नाही. कॉम्प्युटर फक्त दोन खुणांवर आकडे कसे लिहितो, हे पाचवीतल्या मुलालाही असं कळतं.

घरी लॅपटॉप असेल तर 'स्क्रॅच' टाका. अमेरिकेतल्या एमआयटीनं 2007 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालतं. रंगीत ठोकळे जोडायचे आणि पडद्यावरच्या मांजराला पळवायचं. मुलांना त्रिकोण काढायला सांगा. बहुतेक जण 60 अंश वळवतील, कारण समभुज त्रिकोणाचा कोन पुस्तकात 60 चा असतो. पण मांजर अर्धा षटकोन काढून थांबतं! उत्तर लगेच सांगू नका. मुलांनाच त्या रेषेवर चालायला लावा. वळताना 120 अंश फिरावं लागतं, हे त्यांच्या पायांना कळेल.

माझा मुद्दा खरं तर इथंच आहे. आपण शाळेत चुकलो की काय व्हायचं? लाल फुली आणि वर्गाचं हसू. म्हणून कित्येक हुशार मुलं हातच वर करत नाहीत. मुलांसाठी 'लोगो' ही भाषा बनवणाऱ्यांपैकी एक असलेले सेमूर पेपर्ट सांगायचे की, प्रोग्रॅम बरोबर की चूक हे विचारू नका, तो दुरुस्त कसा होईल ते विचारा. गावातल्या मुलांना कोडिंगमधून मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते हीच आहे, नोकरी नव्हे.

2020 च्या लॉकडाऊनमधल्या जाहिराती आठवतात? चिमुकल्यानं अॅप बनवलं आणि दारात गुंतवणूकदारांची हाणामारी! त्यातल्या काही नंतर मागे घ्याव्या लागल्या, पण 'माझं पोर मागे पडलं' ही भीती पालकांच्या मनात राहिलीच. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम आणायचं ठरवलं. ते भीतीनं आले तर आणखी एक घोकंपट्टीचा विषय वाढेल.

खेड्यातल्या मुलांना हे जमेल का, अशी शंका असेल तर एक उदाहरण. 2007 मध्येच रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या एकखोली शाळेत 22 मुलांच्या हातात छोटे लॅपटॉप दिले होते. कासवाला सूचना देऊन चित्र काढायचा खेळही त्यात होता. तेव्हा तुम्ही-आम्ही जेमतेम चालायला शिकत होतो.

तेव्हा या सुट्टीत एक तास काढा. सूचना मराठीत लिहू द्या, वऱ्हाडीत लिहिल्या तर अजूनच मजा. रोबो भिंतीपाशी गेला की 'चुकलं' म्हणू नका. 'कुठल्या ओळीत अडकलं बरं?' एवढंच विचारा.