शयनाचंही परिमाण असतं



आज थोडं भांडायचं आहे. मागच्या महिन्यात स्वाध्यायानंतर गाद्यांचा विषय निघाला. मी सहज सांगितलं की जाऊबाईंच्या पलंगावर आम्ही मेमरी फोमचा थर घातलाय. दुकानात त्याला टॉपर म्हणतात, गादीवर अंथरायची ती दोन-चार इंचाची जाड पट्टी. लगेच एक जण म्हणाल्या, "मुनिमहाराज फळीवर झोपतात आणि तुम्हाला फोम पाहिजे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते हसणं पचलं नाही, कारण त्याची किंमत आमच्या घराने एकदा मोजलेली आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाई एकोणसत्तर वर्षांच्या. कमरेचं दुखणं जुनं. दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात त्या खाली सतरंजीवर झोपायला लागल्या. विचारलं तर म्हणत, "वर गरम होतं." आम्हाला वाटलं, काही नियम घेतला असेल. नियम कसला! त्यांच्या कापसाच्या गादीचे गोळे झाले होते, ते रात्रभर टोचत होते, आणि या वयात नवी गादी मागायची त्यांना लाज वाटत होती. एका पहाटे अंधारात जमिनीवरून उठताना तोल गेला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलेल्या हाताने मला म्हणतात, "जाऊ दे गं, सोसलं की कर्म कटतात."

मला तेव्हा राग आला. त्यांचा नाही. हे त्यांना शिकवलं त्या आपल्या सगळ्यांचा.

बहिणींनो, तप आणि लाजेपोटी सोसणं यांत फरक आहे, आणि तो आपल्या शास्त्राने केलेला आहे. इच्छेशिवाय, नाइलाजाने भोगलेल्या दुःखाला अकामनिर्जरा असा वेगळा शब्द आहे. समजुतीशिवाय केलेल्या तपाला बालतप म्हणतात. संकल्प करून, समतेने, गुरूंना विचारून एखादी बहीण जमिनीवर झोपत असेल तर तिला माझा नमस्कार. पण "मुलाला कशाला खर्चात पाडायचं" म्हणून जी जमिनीवर झोपते, तिच्या सोसण्याला आपण तप म्हणायला लागलो तर तिच्याशीही अन्याय करतो आणि तपाशीही.

आता फळीचं बोलू. भूमिशयन हा दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक आहे. तो मुनींचा आहे. श्रावकासाठी आचार्यांनी दुसरी वाट सांगितली. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगपरिमाण व्रत काढून पाहा. एकदा वापरून संपतो तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र. तिथे कशाकशाची मर्यादा करायची ते सांगताना भोजन आणि वाहन यांच्या जोडीला शयनही नाव घेऊन सांगितलं आहे. मर्यादा किती काळाची, तर एक दिवस, एक रात्र, पक्ष, महिना, ऋतू, अयन, जशी शक्ती तशी. म्हणजे अंथरूण श्रावकाला वर्ज्य नाही, ते मोजायचं आहे. परिमाण या शब्दाचा अर्थच माप. मी कॉमर्सची पदवीधर. मोजायला सांगितल्यावर मला तरी भीती वाटत नाही.

तर मोजू या. ज्या बहिणी फोमला परिग्रह म्हणतात त्यांनी आपल्या माळ्यावर चढून पाहावं. लग्नात आलेल्या गाद्या, पाहुण्यांसाठीच्या रजया, "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेले तक्के. आमच्या माळ्यावर सात गाद्या निघाल्या. घरात झोपणारी माणसं पाच, आणि त्यांच्या पलंगांवरच्या गाद्या वेगळ्या! तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटलं आहे. मग दुखऱ्या कमरेखालची एक गादी परिग्रह, आणि वर धूळ खाणाऱ्या सात गाद्या काय?

"पण कापूस शुद्ध," हे पुढचं उत्तर मला ठाऊक आहे. रेशमाबद्दल आपण बरोबर बोलतो. आपल्या भंडाऱ्याचं टसर कितीही नावाजलेलं असो, त्यासाठी कोसला उकळावा लागतो. पिसांच्या उशा आणि गाद्या नकोत, हेही बरोबर. कापसात तसा जीव दिसत नाही. पण २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. शेतातल्या किड्यांची तर गणतीच नाही. कापूस टाकून द्या असं मी म्हणत नाही. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा नवी करता येते, हा तिचा मोठा गुण आहे, आणि तो फोममध्ये नाही. फोम पेट्रोलियमच्या रसायनांपासून बनतो, आणि खराब झाला की आपल्या आसगावात तो कोणी परत घेत नाही. हिंसा दोन्हीकडे आहे. म्हणून वस्तू कमी घ्या, गरजेपुरती घ्या आणि पुरवून वापरा. "माझं ते शुद्ध, तुझं ते भोग" हा हिशोब खोटा आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते. घरातल्या पुरुषाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की उंच खुर्ची येते, खास कमोड येतो, बाजेच्या जागी नवा पलंग येतो. तेव्हा फळी कोणाला आठवत नाही. आठवायला नकोच, आजारपणात सोय करायलाच हवी. मग बाईच्या कमरेच्या वेळीच मुनिमहाराज का आठवतात?

"कडक अंथरूणच पाठीला चांगलं" हाही एक समज. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि तो २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. म्हणजे दगडासारखंही नको, आणि रुतून बसेल असंही नको.

हे दुसरं वाक्य आता आपल्या मुलांसाठी. कारण जाऊबाईंचं मनगट मोडल्यावर पुतण्याने पुण्याहून दिवाळीला फोमचा थर पाठवला. प्रेमानेच पाठवला. सहा बाय साडेसहा फुटांच्या पूर्ण पलंगाचा, चांगला चार इंच जाड. जाहिरातीत लिहिलं होतं, नासाचं तंत्रज्ञान. नासाचं खरं आहे. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी हा फोम तयार केला, तो विमानातल्या आसनांमध्ये धक्का झेलण्यासाठी. आपल्या झोपेशी त्याचा संबंध नव्हता. अंतराळात तर वजनच जाणवत नाही, तिथे गादी कशाला लागते?

हा फोम उष्णतेने मऊ होतो आणि थंडीने कडक. अंगाच्या उबेने तो अंगाचा आकार घेतो, ही त्याची खुबी, आणि आपल्याकडे तीच अडचण. डिसेंबरच्या पहाटे तो फळीसारखा वाटायचा. मे महिन्यात, आपल्या भंडाऱ्याच्या उन्हात, जाऊबाई त्यात रुतायच्या आणि घामाघूम व्हायच्या. पलंगाची उंची चार इंचांनी वाढली, पाय जमिनीला टेकेनात. काठावर बसलं की काठ दबायचा. एकदा पडलेल्या बाईला पुन्हा पडायची भीती.

मग मी हिशोब केला. सहा गुणिले साडेसहा म्हणजे ३९ चौरस फूट. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा, म्हणून १३ घनफूट. एका घनमीटरात साधारण ३५.३ घनफूट, म्हणजे आपला थर ०.३७ घनमीटर. घनता ५० किलो असेल तर वजन साडेअठरा किलोच्या आसपास भरायला हवं. आम्ही तो धान्याच्या काट्यावर चढवला. भरला साडेअकरा किलो! म्हणजे घनता ३१, आणि जाहिरातीत शब्द होता "हाय डेन्सिटी". आकडा कुठेच नव्हता. हलका फोम लवकर बसतो, त्यात खड्डा पडतो. वर्षभरात पडलाच.

आता घ्यायचाच असेल तर कसा घ्यायचा, ते सांगते.

आधी खालची गादी पाहा. तिला खड्डा असेल तर वरचा थर त्याच खड्ड्यात बसतो. पैसे आधी गादी पिंजून घेण्यावर घाला.

घनता आकड्यात विचारा. मेमरी फोमसाठी मी ५० किलो धरते. पूर्ण मोठ्या पलंगाचा दोन इंची थर तेव्हा नऊ किलोच्या जवळ भरतो. दुकानदार आकडा सांगत नसेल तर काटा सांगतो.

जाडी दोन इंच, फार तर तीन. थर घातल्यावर पलंगाच्या काठावर बसून पाहा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

पलंग मोठा म्हणून थर मोठा, हे कोणी सांगितलं? दुखतंय एकाला. जाऊबाईंच्या बाजूला आम्ही तीन बाय साडेसहाचा दोन इंची थर घातला. नातीच्या बाजूला माळ्यावरचीच एक गादी, पातळ पिंजून घेतलेली. दोन्ही एका पातळीत आल्या. फोम पहिल्याच्या बरोबर एक चतुर्थांश लागला.

गारव्यासाठी "जेल"वर भरवसा ठेवू नका, सुरुवातीचा गारवा थोड्या वेळाने जातो. वर सुती चादर बरी. खोळीचं कापड वाचून घ्या, रेशीम किंवा लोकर नाही ना ते पाहा.

नवा थर दोन-तीन दिवस हवेशीर खोलीत उघडा ठेवा, वास जातो. कडक उन्हात टाकू नका, पाण्याने धुऊ नका. चेनची खोळ घाला आणि आठवड्याला शिवणी, कोपरे डोळ्यांनी तपासा. जीव झाल्यावर मारण्यापेक्षा होऊच न देणं हा आपला मार्ग. दिवा आणि उदबत्ती लांब ठेवा, फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

कोणी म्हणेल, शरीर सुखावलं की मन सैल होतं, मग आज फोम, उद्या आणखी काही. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच मी परिमाण घेतलं. झोपायच्या माणसागणिक एक गादी, पाहुण्यांसाठी दोन, बस. एक वस्तू घरात आली की एक बाहेर. माळ्यावरच्या सातांपैकी एक नातीखाली गेली, दोन ठेवल्या, चार गरजू घरी दिल्या. हे परिमाण एका अयनाचं घेतलं होतं, आता दुसरं चालू आहे. जाऊबाई रात्री झोपतात, म्हणून पहाटे सामायिकाला त्यांची पाठ ताठ असते. आधी पाठीकडेच लक्ष असायचं.

आणि तो चार इंची थर? तो फेकायला जीव होईना. लांब सुरीने कापला, सुती खोळी शिवल्या आणि स्वाध्यायाच्या खोलीतल्या खुर्च्यांसाठी दिल्या. आपल्यातल्या गुडघेदुखीच्या बहिणी त्यांवर बसतात. मागच्या महिन्यात फळीची आठवण करून देणारी आमची बहीणही त्यातल्याच एका उशीवर बसली होती. तेव्हा मी बोलले नाही. आज सांगते, ताई, उठू नका. खुशाल बसा, ती तुमच्यासाठीच शिवली आहे.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर क्षमा करा.

जय जिनेंद्र.