मुलांची रिमोटची गाडी : आधी पकड, मग वेग



रिमोटवर पळणारी शर्यतीची छोटी गाडी आता वडगाव मावळच्या वाड्या-वस्त्यांतही दिसते. चार दिवस झाले की मुलगा म्हणतो, "मोठी मोटार आणा." जरा थांबा. पंपाचे पाणी कमी झाले तर आपण आधी फूटव्हॉल्व्ह व पाइपाची गळती पाहतो, लगेच मोटार बदलत नाही. इथेही तसेच करावे.

पहिला खर्च टायरवर. अंगणातल्या मुरमासाठी खोल नक्षीचे, कोब्यासाठी मऊ रबराचे घ्यावेत. गाडी वळणावर घसरली तर वेग काय कामाचा?

दुसरा खर्च बेअरिंगवर. स्वस्त गाडीच्या आसाला बहुधा प्लास्टिकचे बुश असतात. धुळीने ते झिजतात. मापाचे बॉलबेअरिंग बसवले की त्याच बॅटरीवर गाडी हलकी पळते. मोटार सर्वांत शेवटी. जोरदार मोटारीने प्लास्टिक गिअरचे दात झडतात.

बॅटरी लिथियम पॉलिमरची असेल तर मात्र जपा. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर भरू नये, ३ व्होल्टखाली उतरवू नये. तिच्यासाठीचाच चार्जर वापरावा, मोठे माणूस जवळ असावे, आणि जागा पेंढा-गोणपाटापासून दूर असावी. फुगलेली बॅटरी पुन्हा लावूच नये. एवढ्याशा ठिणगीने गोठा पेटू शकतो.

एका वेळी एकच बदल करा. खताची चाचणी आपण एका पट्ट्यात घेतो, ती याचसाठी : गुण कशाने आला ते कळावे. मुलालाही ते कळू द्या.