ग्रुपवर टाकलं, म्हणजे कळवलं?

"ग्रुपवर टाकलं होतं की!" शिरूर-दौंडकडच्या शाळेत पालक तक्रार घेऊन गेला की हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि विषय तिथंच मिटतो. शाळेनं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली, तिचं काम संपलं. पालकानं वाचली नाही, हा त्याचा हलगर्जीपणा. मला हे साफ अमान्य आहे.

गुरुजींची बाजूही खरी आहे. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरण्याचा ससेमिरा. घरोघर फिरायला त्यांना सवड कुठली? मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपं लागली तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास याच ग्रुपवरून गेला. ती अडचणीतली सोय होती. शाळा उघडल्यावर मात्र तीच वहिवाट झाली.

आता फोन कुणाच्या हातात असतो ते बघा. बाप रांजणगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला. बऱ्याच ठिकाणी फोन आत नेऊ देत नाहीत. घरी आईकडे बटणाचा फोन. गळीत हंगामात भीमाकाठच्या उसात तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात, तिथं अख्ख्या कुटुंबात एक फोन आणि त्याचाही रिचार्ज संपलेला. नवं सिम घेतलं की ग्रुप तुटला. नवा नंबर शाळेला कळवायचा असतो, हे त्यांना सांगणार कोण?

ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांचीही गत बरी नाही. सकाळी गुलाबाची फुलं, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्याखाली चाळीस जणांचं ‘अभिनंदन’, आणि या ढिगाखाली कुठं तरी ‘उद्या आधारची झेरॉक्स आणणे’. सगळ्यात मजेशीर प्रकार वेगळाच. आईला वाचता येत नसेल तर मेसेज पोरगंच वाचून दाखवतं. ‘गृहपाठ करत नाही’ ही तक्रार पहिल्यांदा आरोपीच्याच हाती पडते. तो ‘उद्या सुट्टी आहे’ असं वाचून मोकळा होतो.

गोंगाटाला कंटाळून मग ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशी व्यवस्था होते. गोंगाट थांबतो, तसा पालकही गप्प होतो. याला संवाद म्हणत नाहीत. हा खिशातला सूचनाफलक झाला. शिक्षण हक्क कायदा, 2009 पालकाला नुसता श्रोता मानत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला, असं त्यात लिहिलेलं आहे. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा राज्यभर गाजली, ती गावकऱ्यांनी जमीन दिली, पदरमोड केली म्हणून. अंगठा वर करणाऱ्या चित्रावर कुणी जमीन देत नाही.

म्हणून मोबाइल फेकून पुन्हा डायरी आणा, म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. डायरी तरी कुठं वाचली जायची? सही बऱ्याचदा पोरंच ठोकायची. फोनमध्ये डायरीत नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे आवाज. बाईंनी अर्ध्या मिनिटात बोलून पाठवलेला निरोप निरक्षर आजीलाही कळतो आणि तिला तसाच बोलून जबाबही देता येतो. 2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत गावोगाव मातांचे गट झाले. शेजारणी एकत्र बसल्या, एकीचा फोन चौघींच्या कामी आला. म्हणजे फोन चालतो; त्याच्याभोवती माणसं बसवावी लागतात. सूचनांचा एक ग्रुप, त्यात दुसरं काही नाही. पोराबद्दलची तक्रार चारचौघांत न टाकता थेट आईबापाच्या कानावर. आणि समितीची बैठक पाळी सुटल्यावर, सकाळी अकराला नव्हे. यात खर्चाचं काय आहे?

मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे. पुढची सूचना टाकलीत की रात्री नऊला तो मेसेज दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कुणी वाचला, कुणापर्यंत नुसता पोहोचला, ते तिथं नावानिशी दिसतं. न वाचलेल्यांची नावं आणि मुळात ग्रुपमध्येच नसलेल्यांची नावं एका कागदावर उतरवा. सकाळी पहिले फोन त्यांना लावा.