घरखर्च : गिअरची पहिली सायकल घेताना

परीक्षा संपल्या आणि हातात ईदीचे पैसे आले की अनेक घरांत एकच विषय सुरू होतो. "अब्बू, मला गिअरची सायकल पाहिजे." मोहल्ल्यात कुणाकडे तरी जाड टायरची, पुढे-मागे शॉकअप असलेली, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक लावलेली सायकल आलेली असते आणि मुलाच्या डोळ्यांसमोर तीच असते. अब्बू दुकानात जातात, किमती ऐकतात आणि बजेटमध्ये बसणारी, दिसायला सर्वांत भारी असलेली सायकल घेऊन येतात. सहा महिन्यांनी ती जिन्याखाली, हवा गेलेली, धूळ खात उभी असते. मग "हौस संपली याची" असे म्हटले जाते. खरे तर बहुतेक वेळा सायकल जड असते, तिचे माप चुकलेले असते किंवा तिचे गिअर नीट पडत नसतात. दहा-पंधरा हजार रुपये ही आपल्या घरांत लहान रक्कम नाही. म्हणून या वेळी सदरात हाच हिशेब मांडू.

आधी ही सायकल कशासाठी निघाली ते पाहू. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीच्या डोंगरांवरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली मातीच्या वाटेने खाली पळवत असत. त्या जुन्या सायकलींना त्यांनी चांगले ब्रेक आणि चढासाठी गिअर बसवले. त्यातून 'माउंटन बाइक' किंवा एमटीबी हा प्रकार तयार झाला. म्हणजे जाड टायर, मजबूत फ्रेम, चढ चढवणारे गिअर आणि उतारावर थांबवणारे ब्रेक या तिच्या चार मूळ गोष्टी. आपल्याकडे दुकानात मात्र जाड टायर दिसला की कुठल्याही सायकलीला एमटीबी म्हणतात.

तेव्हा पहिला प्रश्न घरातच विचारावा : सायकल कुठे चालवायची आहे? सोलापूर किंवा मिरजेसारख्या सपाट शहरात डांबरी रस्त्याने शाळा, क्लास आणि बाजार एवढेच करायचे असेल, तर बिनगिअरची साधी सायकल किंवा थोड्या बारीक टायरची हायब्रिड कमी पैशांत जास्त उपयोगी पडते. जाड, खाचांचे टायर डांबरावर ओढल्यासारखे चालतात. पण घर कोकणात चढ-उताराच्या रस्त्यावर असेल, गावची वाट कच्ची असेल किंवा मुलाला सुट्टीच्या दिवशी टेकडीवर जायचे असेल, तर एमटीबी घेण्यात अर्थ आहे.

आता माप. लहान मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. सायकलीला हा नियम लावू नये. मोठ्या फ्रेमवर मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, अचानक थांबताना तो मधल्या दांडीवर आदळतो, आणि दोनदा पडल्यावर सायकल नको म्हणतो. साधारण चार ते पावणेपाच फूट उंचीच्या मुलांना २४ इंची चाकाची सायकल बसते. त्यापुढे चाक २६, २७.५ किंवा २९ इंची असते, पण खरे माप फ्रेमचे पाहायचे. ठोकळमानाने पाच फूट ते पाच फूट पाच इंच उंचीला १५-१६ इंची फ्रेम, पाच फूट नऊ इंचांपर्यंत १७-१८ इंची आणि त्याहून उंच व्यक्तीला १९-२० इंची.

तक्त्यापेक्षा दुकानातली तपासणी महत्त्वाची. ज्याची सायकल आहे त्याला सोबत न्या. दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून तो दांडीवरून उभा राहिला की शरीर आणि दांडी यांत किमान दोन इंच जागा हवी. मग सीटवर बसवून पायडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवायला सांगा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पंजा पायडलवर येतो, तेव्हा गुडघा किंचित वाकतो. ही सीटची योग्य उंची. सीटच्या नळीवर एक खूण असते, त्या खुणेच्या वर नळी ओढू नये. तेवढ्यानेही सीट कमी उंच वाटत असेल, तर फ्रेम लहान आहे. दोन भावंडांत एकच सायकल घ्यायची असेल, तर धाकट्याला दांडीवरून नीट उभे राहता येईल अशी घ्या. थोरल्यासाठी सीट वर करता येते, दांडी खाली करता येत नाही.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते मागच्या शॉकअपवर. स्वस्त सायकलीत पुढे-मागे शॉकअप असले की वजन सहज सोळा-सतरा किलोंच्या पुढे जाते. पायडल मारताना मागची स्प्रिंग दबते आणि पायाचा जोर तिच्यातच जिरतो. चांगला मागचा शॉकअप महागच असतो. स्वस्तात मिळतो तो दिसायला असतो आणि त्याचे सांधे लवकर खिळखिळे होतात. पुढे शॉकअप आणि मागे सरळ घट्ट फ्रेम असलेली सायकल नवख्याला पुरते. पैसे आणखी कमी असतील, तर पुढचाही साधा फोर्क चालेल. जाड टायर बरेच दणके खातो. फ्रेम लोखंडी की ॲलॉय, हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी जरूर विचारावा, कारण सायकल रोज उचलायची आहे. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, तिथे ॲलॉयला दोन पैसे जास्त मोजणे परवडते.

गिअरचा आकडा हा दुसरा मोह. २१ गिअर म्हणजे पुढे ३ चकत्या आणि मागे ७. त्यांतले बरेच एकमेकांसारखेच असतात. उपयोग असतो तो सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमधल्या फरकाचा. समजा पुढची लहान चकती २४ दात्यांची आणि मागची मोठी २८ दात्यांची आहे. मग २७.५ इंची चाकावर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.९ मीटर जाते. चढावर हेच हवे. पुढे ४२ आणि मागे १४ दाते असतील, तर तीच फेरी ६.६ मीटर नेते. तो सपाटीचा गिअर. पुढे एकच चकती आणि मागे सात-आठ असलेली सायकलही नवख्याला सोपी जाते, बिघडण्यासारखे कमी असते. शिमानोचा टुर्नी हा प्राथमिक संच साधा आहे, पण त्याचे सुटे भाग सहज मिळतात. बिननावाच्या गिअरची दुरुस्ती गावात होईल का, हे आधी आपल्या सायकलवाल्याला विचारून घ्या. चालवणाऱ्याला दोन सवयी लावा : चढ लागण्याआधी गिअर बदलायचा, आणि उभे असताना गिअरचा खटका दाबायचा नाही.

ब्रेकच्या बाबतीत डिस्क म्हणजे चांगला आणि रबराचा म्हणजे वाईट, असे सरळ गणित नाही. नीट बसवलेला व्ही-ब्रेक कोरड्या रस्त्यावर उत्तम थांबवतो आणि त्याचे गुटके स्वस्तात, कुठेही बदलून मिळतात. पावसात आणि चिखलात रिम ओली झाली की तो घसरतो. त्यामुळे कोकणात, घाटात डिस्कचा फायदा आहे. केबलवर चालणारी डिस्क गावात दुरुस्त होते. तेलावर चालणारी हायड्रॉलिक डिस्क सरस असते, पण महाग असते आणि तिला जाणकार मिस्त्री लागतो. कुठलाही ब्रेक घ्या, दुकानातच चाक उचलून फिरवून पाहा. ते घासता कामा नये, आणि ब्रेक पूर्ण दाबला तरी त्याची मूठ हँडलला टेकता कामा नये.

मुलींसाठी आणि घरातल्या बायकांसाठी सायकल घेताना एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. एमटीबीला बहुतेक वेळा चेनकव्हर नसते. ओढणी, सलवारची मोहरी किंवा बुरख्याची कड चेनमध्ये अडकली तर अपघात ठरलेला. त्यामुळे मधली दांडी खाली उतरलेली फ्रेम मागा, चेनकव्हर बसते का ते विचारा, ओढणी मागे गाठ मारून बांधा आणि सलवारच्या मोहरीला क्लिप किंवा रबरबँड लावा. एवढी काळजी घेतली की कपड्यांमुळे सायकल सोडायची वेळ येत नाही. क्लासला जाण्यासाठी रोज भावाची वाट पाहणाऱ्या मुलीला तिच्या मापाची सायकल मिळाली, तर तिचा दिवसातला तासभर वाचतो.

आता पैशांकडे येऊ. नव्या सायकलींत सर्वसाधारणपणे बारा ते अठरा हजारांत ॲलॉय फ्रेम आणि ओळखीच्या गिअरची बरी एमटीबी मिळू लागते. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलात तो पाहून घ्या. पण पूर्ण बजेट सायकलीवर संपवू नका. पंधरा हजार असतील तर हिशेब असा करा : सायकल १२,०००, हेल्मेट १,२००, कुलूप ४००, हातपंप ५००, पुढचा-मागचा दिवा ५००, मडगार्ड ३००. झाले १४,९००. उरलेल्या शंभरात चेनच्या तेलाची बाटली. हेल्मेट आणि दिवे 'नंतर घेऊ' म्हटले की ते नंतर कधीच येत नाहीत.

पैसे कमी पडत असतील, तर दोन वाटा आहेत. एक, दोन-चार महिने थांबून बचत करणे. 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जे मिळते, त्यात प्रोसेसिंग फी किती आणि रोखीवर मिळणारी सूट जाते का, हे लेखी विचारा. व्याज टाळणाऱ्या घरांनी तर हे आधी पाहायलाच हवे. दुसरी वाट जुन्या सायकलीची. शहरांत चांगल्या सायकली दोन-तीन वर्षांत अर्ध्या किमतीला निघतात. ती घेताना फ्रेमच्या जोडांवर तडा आहे का पाहा, चाक फिरवून त्याला आऊट आहे का पाहा, पायडलचे दांडे धरून बाजूला हलवा, ढिले लागता कामा नयेत. चेन पट्टीने मोजा. नव्या चेनचे बारा पूर्ण दुवे बरोबर १२ इंच भरतात. ते एक अष्टमांश इंच जास्त भरले, तर चेनसोबत मागच्या चकत्याही बदलाव्या लागतील, तो खर्च किमतीतून वजा करा. आणि मूळ बिल मागाच. बिल नसेल तर चोरीचा माल आपल्या दारात येऊ शकतो.

ऑनलाइन खोक्यातून सायकल मागवली, तर ती घरी जोडण्याचा प्रयोग टाळा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, जबरदस्तीने फिरवले की दांडाच खराब होतो. मिस्त्रीला दोन-तीनशे रुपये देऊन जोडून घेणे स्वस्त पडते. नवी सायकल महिनाभर चालली की केबल ताणतात आणि स्पोक ढिले होतात, म्हणून पहिली सर्व्हिस चुकवू नका. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते. पावसाळ्यात दर आठवड्याला चेन फडक्याने पुसून थेंबभर तेल सोडा आणि जास्तीचे तेल पुसून टाका.

शेवटी दुकानात जाण्याआधी घरात एक कागद घ्या. त्यावर चालवणाऱ्याची उंची, रोजचा रस्ता, कमाल रक्कम आणि ठेवायची जागा, या चार गोष्टी मुलाच्याच हाताने लिहून घ्या. दुकानात चकचकीत सायकलीपुढे उभे राहिल्यावर तो कागद खिशातून काढा. रंग तेवढा मुलाला निवडू द्या.