बिनपगारी दादा-ताईंनाही नियम हवेत

आषाढ लागला की नाशिकमध्ये संध्याकाळी ढोल ऐकू येऊ लागतात. एखादं मैदान, लॉन्सचं रिकामं पार्किंग, नदीकाठ; जिथे शेजारी कावणार नाहीत तिथे पथकांचा सराव सुरू होतो. त्यात नववी-दहावीची मुलंमुली पुष्कळ. त्यांना हात शिकवणारे, ढोलाचं पान ताणून देणारे, घरी पोहोचलात का विचारणारे दादा-ताई सगळे बिनपगारी. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाल्यावर मीही त्यातलीच एक झाले. मुलींच्या ताशाकडे मी बघते. म्हणून आमच्याच गोतावळ्याबद्दल लिहिते आहे. आमच्या वागण्याचे नियम लिहून काढायला हवेत, आणि ज्याच्यावर सगळ्यांचा सर्वाधिक विश्वास आहे त्यालाही ते तितकेच लागू हवेत.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो, २०१२चा. त्याखालच्या २०२०च्या नियमांनी शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी अशा संस्थांना आपल्या कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी करायला सांगितलं. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४मध्ये राज्य सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, पडताळणी यांचा आदेश काढला, तो शाळांसाठी. दोन्हीकडे भाषा कर्मचाऱ्यांची आहे. जो पगारच घेत नाही, तो या चाळणीतून अलगद सुटतो. शिवाय फुकट राबणाऱ्याला प्रश्न विचारणं आपल्याकडे कृतघ्नपणाचं समजतात.

मध्यंतरी दुसऱ्या एका पथकातल्या मुलीच्या आईने मला मोबाइल दाखवला. रात्री सव्वाअकराचा मेसेज होता : ‘आज भारी वाजवलंस. मिरवणुकीत तुला पहिल्या रांगेत घेतो. आत्ताच कुणाला सांगू नकोस.’ आई म्हणाली, “ताई, यात वाईट काय ते मला नीट सांगता येत नाही, पण मला हे आवडलं नाही.” तिचं बरोबर होतं. पोलिसांकडे नेण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण चौदा वर्षांच्या मुलीला पहिली रांग म्हणजे सर्वस्व वाटतं. ती द्यायची की नाही हे एकाच माणसाच्या हातात, आणि वर ‘सांगू नकोस’. इथे कायदा पोहोचत नाही, पथकाचा नियम पोहोचू शकतो.

नियम तरी कोणते? मुलांशी बोलणं फक्त ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर एक पालक. सराव संपल्यावर एकट्या मुलाला किंवा मुलीला गाडीवर मागे बसवून सोडायला जायचं नाही. पालक येईपर्यंत दोन मोठी माणसं थांबतील. हात दुरुस्त करायचा तर आधी स्वतः वाजवून दाखवायचं, धरावाच लागला तर विचारून आणि सगळ्यांसमोर. शिव्या नाहीत, ढोल बांधून मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा नाही. एकट्या मुलाला भेटवस्तू, रिचार्ज, उसने पैसे नाहीत. पहिली रांग तिघांनी मिळून ठरवायची. आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती पथकाबाहेरची असावी.

“असं केलं तर माणसं मिळणार नाहीत,” हे मी बैठकीत ऐकलेलं आहे. ज्याला मुलांना एकटं भेटता येणार नाही म्हणून यायचं नसेल, त्याने न आलेलंच बरं. उरलेल्यांना या नियमांचं संरक्षणच आहे. उद्या कुणी बोट दाखवलं तर सांगायला साक्षीदार असतील. नियम वेळेवर नसले की काय होतं, ते दिसलेलंच आहे. २०२२मध्ये परदेशातल्या सराव शिबिरातून एका सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, तेव्हा कुठे भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या संघाबरोबर महिला प्रशिक्षक सक्तीची केली. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संघटनेकडे संशयित स्वयंसेवकांच्या फायली कित्येक दशकं होत्या. २०२०मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पाठोपाठ अत्याचाराचे ऐंशी हजारांहून अधिक दावे दाखल झाले. नाव जपण्यासाठी फायली दडवल्या, आणि शेवटी नावही गेलं.

‘आपापसात मिटवू’ म्हणणाऱ्या पथकप्रमुखांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा पोक्सोखाली कुणाही सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक सराव चालतो तिथे मोठ्या अक्षरांत लावायला काहीच खर्च नाही.

वाद्यपूजनाला पालक येतातच. नारळ फुटल्यावर हे नियम मुलांसमोर मोठ्याने वाचावेत आणि खाली पहिली सही पथकप्रमुखाने करावी. जो प्रमुख सही करायला कां-कूं करेल, त्याच्या पथकात मुलांना पाठवायचं की नाही, हे पालकांनी त्याच दिवशी ठरवावं.